लेकरू ‘हंगर गेम्स’ वाचायलंय, आपणही सोबत वाचायचं तर

नववी-दहावीतलं लेकरू ट्यूशनवरून येतं, जेवता जेवता जाडजूड इंग्रजी कादंबरी उघडून बसतं, आणि त्यात म्हणे लेकरंच एकमेकांना मारतात, हे कळलं की घरात दोनपैकी एक होतं. एक तर पुस्तक कपाटावर जातं, नाहीतर "जाऊ दे, मोबाईलपेक्षा बरं" म्हणून आपण सोडून देतो. मला दोन्ही पटत नाही. तेच पुस्तक तुम्ही पण वाचा. या वयात लेकरं स्वतःबद्दल विचारलं तर "काही नाही" म्हणतात पण पुस्तकातल्या पोरीबद्दल तासभर बोलतात, आणि त्या बोलण्यात त्यांचं स्वतःचं बरंच काही येऊन जातं.

असल्या पुस्तकांना डिस्टोपियन म्हणतात, म्हणजे पुढच्या काळातलं असं एक राज्य जिथं मोजके लोक बाकी सगळ्यांचं खाणंपिणं, काम, लग्न, कधीकधी मरण पण ठरवतात, आणि त्याला नडणारं पात्र असतं बारा ते अठरा वर्षांचं. लेकरांना हे का आवडतं याचं मला नवल वाटत नाही, त्यांचं पण सगळं दुसरेच ठरवायलेत.

सुरुवात लोईस लोरी यांच्या ‘द गिव्हर’पासून करा. १९९३ चं पुस्तक आहे, छोटं, २३ प्रकरणं, इंग्रजी सोपं, सातवी-आठवीच्या लेकराला झेपतं. नंतर सुझान कॉलिन्स यांचं २००८ चं ‘द हंगर गेम्स’. त्यात २७ प्रकरणं आहेत आणि नऊ-नऊचे तीन भाग, म्हणजे थांबायच्या जागा लेखिकेनंच करून दिल्यात. एक भाग झाला की बोलायचं, मधे रोज विचारत बसायचं नाही. पुस्तक एकच असलं तरी चालतं, दोन बुकमार्क ठेवा.

आपलं इंग्रजी कच्चं असेल तर मागं हटू नका. आपल्यातले कितीतरी जण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकले आणि लेकरं सेमी नाहीतर इंग्लिश मीडियमला. अशा वेळी लेकराला म्हणायचं, तू वाच आणि मला मराठीत सांग. मला तर हीच पद्धत जास्त आवडते, कारण सांगताना लेकरू काय गाळतं आणि कुठं आवाज चढवतं ते दिसतं. मधे दुरुस्त्या करू नका. शक्यतो लेकराच्या मागंच रहा, पुढचं त्याला माहीत आणि तुम्हाला नाही, असं असलं की ते खुलून सांगतं. फक्त ‘द गिव्हर’चं एकोणिसावं प्रकरण तेवढं आधी वाचून ठेवा. त्यात गोष्टीतल्या मुख्य पोराचा, जोनासच्या बापाचा आणि एका तान्ह्या लेकराचा प्रसंग आहे, तो मोठ्या माणसाला पण सहन होत नाही. त्या दिवशी तुम्ही घरात पाहिजेत.

आता विचारायचं काय. "यातून काय शिकलीस?" हे अजिबात नाही, त्या प्रश्नानं पुस्तक धड्यात जमा होतं. हिशोबाचे प्रश्न विचारा. इथं धान्य कुणाच्या ताब्यात आहे? कोण कुणावर नजर ठेवतंय? यातून फायदा कुणाचा होतो?

हंगर गेम्समध्ये एकमेकांना मारायच्या त्या खेळासाठी दरवर्षी बारा डिस्ट्रिक्टांतून एक मुलगा एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात, वय १२ ते १८. बाराव्या वर्षी प्रत्येकाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशी वाढत जाते. पण घरात खायला नसेल तर जास्तीची चिठ्ठी टाकून माणशी वर्षाचं थोडंसं धान्य आणि तेल मिळतं, आणि त्या चिठ्ठ्या पण पुढच्या वर्षी तशाच राहतात. गोष्टीची नायिका कॅटनिस आई, बहीण आणि स्वतःसाठी दरवर्षी तीन जास्तीच्या टाकते. माझ्या मुलीनं हे वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं, एका रांगेत ४, ८, १२, १६, २० आणि खाली पोटभर जेवणाऱ्या घरातल्या पोरीचे १, २, ३, ४, ५. म्हणली, मम्मी, गरिबालाच जास्त वेळा चिठ्ठीत घातलंय की. मग मी तिला ऊसतोडीची उचल सांगितली. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आधी पैसे घ्यायचे, दसरा-दिवाळीच्या सुमारास नवराबायकोनं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं, हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या अंगावर. दिवाळीनंतर बीडकडच्या शाळांत बेंच का रिकामे होतात ते तिला माहीत होतं पण हे माहीत नव्हतं. तिनं विचारलं, ती बाकी लिहून कोण ठेवतं, मुकादमच का? असा प्रश्न आला की तिथंच थांबा, उत्तर देऊन लगेच मिटवू नका, त्याला दोन दिवस तसंच राहू द्या.

आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना पण यात ओढा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, सुकडी आणि मिलो म्हणजे रेशनची लाल ज्वारी खाल्लेली माणसं अजून आपल्या घराघरात आहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही. आणि लातूरला २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ही लेकरं अंगणवाडीत-पहिलीत होती. पण एका पुस्तकाला असं एखादंच जोडा, पानापानावर मराठवाडा आणला तर लेकरू पुस्तक मिटून ठेवील आणि ते बरोबरच आहे.

सगळ्यात अवघड जागा ‘द गिव्हर’मध्ये येते. तिथं बारा वर्षांच्या लेकरांना समारंभात सांगतात की तू आयुष्यभर कोणतं काम करायचं, ज्येष्ठ मंडळी लहानपणापासून निरीक्षण करून ठरवतात, आणि खरं म्हणजे बऱ्याच जणांना ते पटतं पण. आपल्याकडं हे वाचलेलं लेकरू गप्प बसणार नाही. दहावीचा निकाल, मग लातूरला नाहीतर नांदेडला रूम करून ‘नीट’ची म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी, हे आपण कधी ठरवलं, त्याला विचारलं होतं का, हा प्रश्न येणारच. त्या क्षणी फीचे आकडे काढू नका, "आम्ही तुझ्यासाठीच करायलोत" हे वाक्य तर गिळूनच टाका. विचारा की तुला दुसरं काय करावं वाटतं, आणि तो म्हणला माहीत नाही, तर ते पण खरं उत्तर आहे, त्याला वेळ द्या. आणि त्याला खरंच डॉक्टर व्हायचं असेल तर ते आपल्या तोंडून नाही, त्याच्या तोंडून ऐकायला मिळतं, यासाठी तरी हे पुस्तक वाचावं.

मारामारीचं म्हणाल तर हंगर गेम्समध्ये ती आहे, लपवण्यात अर्थ नाही. कॉलिन्स यांना ही कल्पना टीव्हीचे चॅनल बदलताना सुचली, एकीकडं रिॲलिटी शो आणि दुसरीकडं इराक युद्धाची दृश्यं. हे लेकराला सांगा आणि विचारा, रील्समध्ये एखाद्याचं भांडण नाहीतर ॲक्सिडेंट आला की आपण काय करतो. लेकरू वाचून फार उदास दिसलं, झोपेना, जेवेना, तर पुस्तक काही दिवस बाजूला ठेवायला हरकत नाही, हिसकावून मात्र घेऊ नका. सिनेमा पुस्तक संपल्यावरच.

हंगर गेम्स मालिकेतला दुसरा भाग ‘कॅचिंग फायर’ ते लगेच मागतील, द्या. तिसरा ‘मॉकिंगजे’ सरळसरळ युद्धाचा आहे आणि शेवट जड आहे, माझ्या मते पंधरा-सोळा वर्षांच्या आधी घाई नको, आणि तो वाचताना मात्र तुम्ही लेकराच्या एक भाग पुढं असा.