कुत्र्याच्या पिल्लाला जुलाब लागलेत? बॅक्टेरियाचा संशय असेल तर काय करायचं

पहिली गोष्ट, घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी अर्धी करून पिल्लाला देऊ नका, प्लीज. जुलाब बॅक्टेरियामुळे असतीलही, पण जंत, जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी), खाणं अचानक बदलणं हीसुद्धा नेहमीची कारणं आहेत, आणि लसी पूर्ण झाल्या नसतील, उलट्या होतायत, शीमध्ये रक्त आहे, पिल्लू मलूल पडलंय तर आधी पार्व्होची टेस्ट, तो व्हायरस आहे आणि त्यात वेळ गेला की पिल्लू हातचं जातं.

बॅक्टेरियात नेहमी ऐकू येणारी नावं म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम आणि ई. कोलायचे काही प्रकार. कॅम्पिलोबॅक्टरचा त्रास 6 महिन्यांच्या आतल्या पिल्लांना जास्त, शी पातळ, बुळबुळीत, कधी रक्ताचे धागे. साल्मोनेला बऱ्याचदा कच्च्या मांसातून येतो, त्यामुळे कच्चं खायला देत असाल तर व्हेटला तसं स्पष्ट सांगा.

आता गोंधळ होतो तो रिपोर्टमध्ये. हे सगळे जंतू ठणठणीत कुत्र्यांच्या शीतही सापडतात, म्हणजे पीसीआर (शीमध्ये जंतूंचा डीएनए शोधणारी टेस्ट) पॉझिटिव्ह आला म्हणून तोच गुन्हेगार असं नाही, व्हेट लक्षणं आणि रिपोर्ट जोडून ठरवतात. बरेच जुलाब अँटिबायोटिकशिवाय थांबतात आणि उगाच दिलं तर पोटातले चांगले जंतूही मरतात, म्हणून "औषध लिहूनच द्या" असा हट्ट धरू नका. सॅम्पल मात्र ताजं न्या, स्वच्छ डबीत, कॅम्पिलोबॅक्टर बाहेर फार टिकत नाही.

तोपर्यंत घरी पाण्याकडे लक्ष द्या. हिरडीला बोट लावा, चिकट कोरडी लागली, किंवा मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर पटकन खाली बसली नाही, तर पाणी कमी पडलंय, थांबू नका, व्हेटकडे न्या. लहान पिल्लाला उपाशीही ठेवायचं नाही, साखर एकदम उतरते, पचायला हलकं थोडं थोडं देत राहा. माणसांची जुलाब थांबवायची गोळी अजिबात नको.

कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला माणसांनाही लागतात, म्हणून शी उचलल्यावर साबण-पाण्याने हात धुवा, नुसतं सॅनिटायझर क्लॉस्ट्रिडियमच्या बीजाणूंना (टणक कवचातल्या सुप्त रूपाला) मारत नाही. घरात लहान बाळ, म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई असेल तर त्यांच्याकडे साफसफाई देऊच नका, आणि शी घट्ट झाली तरी काही आठवडे जंतू बाहेर पडत राहू शकतात तेव्हा हात धुणं चालूच ठेवा.