रिपोर्टमधले अवघड शब्द फोडून कसे वाचायचे

आईच्या डिस्चार्ज कार्डवर लॅप्रोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी असं लिहिलेलं, बघूनच धडकी भरली होती, पण फोडून बघा, लॅप्रोस्कोपिक म्हणजे पोटात दुर्बीण घालून, कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं, झालं की, पित्ताची पिशवी काढली! आपला पित्ताशय शब्द तरी वेगळा कुठे आहे, पित्त अधिक आशय.

वाचायची सुरुवात शेपटापासून करा. आयटिस आलं की सूज, म्हणून हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरची सूज. एमिया आलं की गोष्ट रक्तातली. मग पुढचा भाग बघा, हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी, ग्लायको म्हणजे साखर, तर हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तात साखर कमी झालीये. हे हायपर-हायपो मात्र घोटून घ्या, एका अक्षराने अर्थ उलटा होतो. मी तर संस्कृतवरून लक्षात ठेवलं, ग्रीक हायपर आणि आपलं उपरि, हायपो आणि उप, ही भावंडंच आहेत.

अजून एक गोंधळ होतो तो कोलेक्टॉमी आणि कोलोस्टॉमीचा, पहिल्यात मोठं आतडं काढतात, पूर्ण किंवा थोडं, दुसऱ्यात पोटावर तोंड करून आतडं बाहेर उघडतात. किडनीला दोन नावं, ग्रीक नेफ्रो आणि लॅटिन रीनल, त्यामुळे नेफ्रॉलॉजिस्टच्या कागदावर रीनल दिसलं तर दचकू नका.

रोज जुन्या फाइलमधले तीनच शब्द घ्या, पेन्सिलने उभ्या रेघा मारून तुकडे करा, आणि अर्थ लागला तरी औषधाचं डॉक्टरांनाच विचारा.