दसऱ्याला सोनं द्यायला गेलो अन् आरक्षणाचा विषय निघाला, तर काय बोलायचं

नागपुरात हे दरवर्षीचंच आहे. कोणाकडे सोनं द्यायला गेलं की आधी धम्मचक्र प्रवर्तन दिनामुळे दीक्षाभूमीकडच्या बंद रस्त्यांची तक्रार, मग गर्दीची, अन् पाच मिनिटात "आता बस झालं यांचं आरक्षण". आपण ओपनमधले असू तर तिथे चूप बसायचं नाही. एखादा आंबेडकरी मित्र किंवा घरातली सूनच तिथे बसलेली असते न दरवेळी तिलाच उत्तर द्यावं लागतं, हे फार वाईट आहे, हे काम आपलं आहे.

समोरचा मेरिट, टॅक्स, अ‍ॅट्रॉसिटी (दलित-आदिवासींवरच्या अत्याचाराविरुद्धचा कायदा) सगळं एका दमात बोलून जातो. तुम्ही एकच मुद्दा धरा अन् तो संपेपर्यंत सोडू नका. बहुतेक वेळा "बाबासाहेबांनी तर दहाच वर्षं दिलं होतं" हेच येतं, तर याची तयारी घरूनच करून जा. दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मधली, ती लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांची, संसद ती वाढवत आली अन् सध्या २०३० पर्यंत आहे. शिक्षणाचं १५(४) अन् नोकरीचं १६(४), यात मुदत लिहिलेलीच नाही. मोबाईलवर घटना उघडून त्यांच्याच हातात द्या, मोठ्या माणसांना आपण सांगितलेलं पटत नाही, स्वतः वाचलेलं पटतं.

"गरिबी पाहून द्या न" म्हणाले तर सांगा की २०१९ पासून ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बलांचं १० टक्के आहेच, उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे, अन् एससी, एसटी, ओबीसीतले गरीब त्यात बसत नाहीत. मग शांतपणे विचारा, काका, वरची खोली भाड्याने देताना तुम्ही पोराला आधी पगार विचारता का आडनाव? चांगल्या पगाराच्या पोराला फोनवर "या, पाहून घ्या" म्हणतात, तो दारात येऊन आडनाव सांगतो अन् खोली "कालच गेली" होते. तिथे त्याचा पैसा काय कामाचा? हे विचारून थांबा, त्यांना बोलू द्या, मध्ये तोडू नका.

अ‍ॅट्रॉसिटीचा गैरवापर म्हटलं तर खैरलांजी सांगायची. २००६ साली आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात एकाच दलित घरातले चौघं मारले, अन् त्या केसमध्येसुद्धा कोर्टात अ‍ॅट्रॉसिटी लागली नाही, २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानेही लावली नाही.

गर्दीवर चिडणाऱ्याला जमलं तर दीक्षाभूमीवर घेऊन जा, गाडी लांब ठेवून पायी. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे काय झालं हे माहीत असतं, पण पुस्तकांचे स्टॉल बहुतेकांनी पाहिलेलेच नसतात. खेड्यातून आलेली बाई पोराच्या अभ्यासाचं पुस्तक निवडताना बघितली की माणूस वेगळं बोलायला लागतो.

"तू लय पुरोगामी झाला" असा टोमणा मिळेलच, त्याला उत्तर देऊ नका अन् त्या घरी जाणंही बंद करू नका, आपण गेलो नाही तर तिथे दुसरं बोलणारं कोणी उरत नाही.