आयसीयूतून घरी आलेल्या वडीलधाऱ्यांना टॅबवर मेंदूचा व्यायाम

आमचे मामंजी निपाणीच्या तंबाखू वखारीत हिशेब लिहायचे. आयसीयूतून घरी आले आणि दुधाच्या बिलात अडकायला लागले. सगळे म्हणाले, वय झालं. पण 2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गंभीर आजारातून वाचलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांची आकलनशक्ती तीन महिन्यांनीही मेंदूला मध्यम मार बसल्यासारखी खालावलेली होती. त्यात तरुणही होते.

अशांना टॅबवर मेंदूचे खेळ द्यायचे असतील, तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. आधी चष्मा पुसा, कानाचं मशीन लावा; ऐकूच आलं नाही तर आठवणार काय? यूपीआय असलेला फोन हातात देऊ नका, जाहिरातीवर बोट पडतंच. सकाळी नाष्ट्यानंतर दहा-पंधरा मिनिटं पुरे. जोड्या लावणं, चित्रातला फरक ओळखणं, आकडे उलटे म्हणणं असले खेळ निवडा. सूचना इंग्रजीत असतात, त्या मराठीत वाचून दाखवा. मामंजींना आकडे कानडीतच पटकन सुचतात, वखारीची सवय! 'मूरु, एरडु, ओंदु' (तीन, दोन, एक) म्हणाले तरी बरोबरच धरायचं.

खेळ आपोआप अवघड होतो, मग माणूस चिडतो. एक पायरी खाली आणा. गुण नातवंडांसमोर तर मुळीच वाचू नका.

खेळात गुण वाढले म्हणून गोळ्या आपसूक लक्षात राहतील असं नाही. त्यामुळे टॅब ठेवला की लगेच बाजाराची यादी किंवा दूधवाल्याची वही त्यांच्यापुढे सरकवा.

अचानक भलतंच बोलायला लागले किंवा दिवसभर गुंगीत राहिले, तर व्यायाम बंद आणि तडक दवाखाना.