कारखान्यात नवीन सुचतं पण होत नाही, मग कोण कुणाला विचारतो ते आधी बघा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमधे बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, नवीन मशीन आणली की नवीन माल आपोआप निघतो असं काही नसतंय. एका ठिकाणी आमचा टॉवेल धुतला की बॉर्डरला चुण्या पडायच्या. मागावरच्या एका अण्णांनी पहिल्याच महिन्यात सांगितलेलं, बॉर्डरला बाणा (आडवा धागा) वेगळा टाकून बघा की ओ. ते जॉबरने (मागांवर देखरेख करणारा) ऐकलं, जॉबरने मास्तरला (विणकाम खात्याचा प्रमुख) सांगितलं, मास्तर म्हणाले मॅनेजरला विचारतो, आणि मॅनेजर मालकांचा मूड बघत बसले. आठ महिन्यांनी पार्टीने, म्हणजे माल घेणाऱ्याने, माल परत पाठवला तेव्हा कुठं बाणा बदलला आणि चुण्या गेल्या.

तर पहिलं काम, मागच्या वर्षातली अशी एक सूचना पकडा आणि ती कुणाकडे किती दिवस पडून होती ते कागदावर लिहा. ऑफिसात फ्रेम करून लावलेला चार्ट नको, खरंच कोण कुणाला विचारतं ते पाहिजे. जिथं नुसतं "विचारून सांगतो" एवढंच होतंय ती पायरी काढा (पायरी म्हणतोय, माणूस नाही). मास्तरला ठरावीक रकमेपर्यंत न विचारता सॅम्पल काढू द्या, रक्कम तुमच्या युनिटला झेपेल ती.

आता पगाराचं, इथं बरेच मालक चुकतात. विणकर पीसरेटवर, म्हणजे जेवढे नग तेवढे पैसे. ट्रायलमधे धागा तुटणार, माग थांबणार, नग कमी भरणार, आणि आठवड्याच्या पगारात खड्डा कुणाला तर त्यालाच, मग तो कशाला नवीन करून बघेल? ट्रायलच्या दिवशी त्याला त्याच्या रोजच्या सरासरीएवढे पैसे द्या. आणि एक माग फक्त सॅम्पलला ठेवा, ऑर्डर कितीही अंगावर आली तरी त्याला हात लावायचा नाही. दिवाळीच्या तोंडावर हे पाळून दाखवा म्हणजे मानलं. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत लोकांना कामातला १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा आहे, पोस्ट-इटच्या (चिकटवून परत काढता येणाऱ्या) चिठ्ठ्या तशाच आल्या, पण त्यांचा गोंद १९६८ चा आणि चिठ्ठ्या अमेरिकाभर बाजारात आल्या १९८० ला, तेव्हा दोन महिन्यात रिझल्ट मागू नका.

सगळीकडेच मोकळीक द्यायची असं पण नाही. टॉम बर्न्स आणि स्टॉकर या दोघांनी ब्रिटनमधल्या कारखान्यांचा अभ्यास करून १९६१ सालीच मांडलंय की काम ठरलेलं असेल तिथं कडक नियमांची रचना चालते, आणि बाजार सारखा बदलत असेल तिथं सैल रचना लागते. आपल्याकडं डाईंगमधे (सूत रंगवायच्या खात्यात) ज्याने त्याने रेसिपी बदलली तर एका लॉटमधे चार शेड निघतील, तिथं नियम म्हणजे नियम. डिझाईन आणि सॅम्पल मात्र सैल सोडा, डिझायनरची खुर्ची एसी केबिनमधून उचलून सॅम्पलच्या मागाशेजारी टाका, आवाजाची तक्रार करेल पहिले आठ दिवस.

आणि परत आलेला माल गोडाऊनमधे लपवू नका. त्यातले दोन टॉवेल धुवून ज्या मागावर विणले तिथंच टांगा, पार्टी काय म्हणाली ते चिठ्ठीवर लिहून, मराठीत आणि तेलुगूत दोन्ही.