'ते लोक आपल्याला काय समजतात' हा अंदाज तपासायचा कसा?

"त्यांना आपण गर्विष्ठच वाटतो", "ते आपल्याला अडाणी समजतात" असं आपण किती सहज बोलून जातो, पण हे आपल्याला सांगितलं कुणी? बहुतेक वेळा कुणीच नाही, आपलं आपणच ठरवलेलं असतं, आणि काय ठरवतो ते आपण कुठल्या खुर्चीत बसलोय त्यावर बरंच असतं.

म्हणून आधी आपली खुर्ची ओळखा. समोरच्याचा मूड बघून तोंड उघडायचं की नाही हे कोण ठरवतंय ते बघा. साहेब मीटिंगला आले की कंत्राटी स्टाफ त्यांच्या भुवया वाचत बसतो, साहेबांना मात्र त्यातल्या निम्म्यांची नावंही माहीत नसतात. ज्याची रजा समोरच्याच्या हातात, तो वर बघतच राहणार.

वरच्या खुर्चीत असाल तर स्वतःच्या अंदाजावर जरा कमीच भरवसा ठेवा. २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्वतःच्या कपाळावर इंग्रजी 'ई' काढायला लावला, तर ज्यांना आधी आपण कुणावर तरी सत्ता चालवल्याचा प्रसंग आठवायला सांगितलं होतं त्यांच्यात 'ई' समोरच्याला उलटा दिसेल असा काढणारे जास्त निघाले, म्हणजे समोरच्याच्या नजरेने बघायचं त्यांना कमी सुचलं. आणि हो, हाताखालच्या माणसाला "माझ्याबद्दल काय वाटतं रे?" असं तोंडावर विचारू नका, तो "छानच आहात सर" म्हणणार, दुसरं काय म्हणेल बिचारा? नाव न लिहिता उत्तर देता येईल असं काहीतरी करा, आणि विचारायचं ते एखाद्या ठरावीक निर्णयाबद्दल विचारा.

खालच्या खुर्चीतली गोष्ट वेगळी, तिथे कधीकधी नसलेलंही दिसतं. १९८० च्या एका प्रयोगात मानसशास्त्रज्ञ क्लेक आणि स्ट्रेंटा यांनी मेकअपने काही जणांच्या चेहऱ्यावर व्रण काढला, आरशात दाखवला, मग क्रीम लावायच्या निमित्ताने गुपचूप पुसून टाकला. व्रण नव्हताच, तरी लोकांना वाटलं समोरचा त्यामुळेच अवघडलाय. (हा प्रयोग कुणाला "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं सुनवायला वापरू नका प्लीज, बऱ्याच जणांचा व्रण खरा असतो.)

तर वहीत दोन रकाने करा. एकात जे दिसलं ते, 'मॅडमनी मान वर न करता फाइल घेतली'. दुसऱ्यात आपण काढलेला अर्थ, 'मला कमी लेखतात'. मग आठवडाभर बघा, मॅडम बरोबरीच्या लोकांकडूनही फाइल तशीच घेतात का. तिथे मान वर होत असेल, हसून थँक्यू निघत असेल आणि फक्त तुमच्याच वेळी नसेल, तर तुमचा अंदाज बहुधा बरोबर आहे.