बाळंतपणाच्या कळांत कंबरेला बर्फाचा शेक: सोबतच्या माणसाने कसा द्यायचा

कळा सुरू झाल्या की बाई कंबर धरून असते आणि सोबतच्यांना काय करावं ते सुचत नाही. त्यांना करता येण्यासारखं एक काम म्हणजे थंड शेक. याने कळा थांबत नाहीत हे आधीच सांगते, औषधाची जागाही तो घेत नाही, पण कंबरेतली कळ सोसायला सोपी जाते, विशेषतः बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असते आणि सगळा भार कंबरेवर येतो तेव्हा. मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ साली मांडलं होतं की कातडीवरचा स्पर्श, दाब अशा संवेदना मज्जारज्जूपाशी वेदनेची वाट थोडी अडवतात, बर्फाचाही उपयोग बराचसा असाच होतो असं मानतात.

तयारी नवव्या महिन्याच्या चेकअपलाच करा. डॉक्टरना विचारा, लेबर रूममध्ये आईस पॅक चालेल का, फ्रीज मिळेल का, सोबत कोण राहील. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच मान्यता दिलीय, तरी आपल्या गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जाणार असाल की मडगाव-म्हापशाच्या सरकारी हॉस्पिटलला की जवळच्या नर्सिंग होममध्ये, तिथला नियम आधी विचारलेला बरा.

घरी दोन जेल पॅक फ्रीजरमध्ये ठेवा. नसले तर प्लॅस्टिकच्या बाटलीत पाऊण भाग पाणी भरून गोठवा, काठोकाठ भरू नका, बर्फ फुगतो आणि बाटली फुटते. सोबत चार-पाच सुती नॅपकिन घ्या. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावातून यायचं तर रस्त्यात वेळ जातो, म्हणून आईस बॉक्स हवाच, आणि त्यात आधी मासळी ठेवली असेल तर साबणाने नीट धुऊन वाळवा. मासळी बाजारातला बर्फ तोंडात घालायला अजिबात देऊ नका. बर्फाचे तुकडे चघळायचे तर ते उकळून गार केलेल्या पाण्याचेच, आणि तेही डॉक्टर हो म्हणाले तरच.

आता प्रत्यक्ष शेक. तिला कुशीवर झोपवा किंवा खुर्चीवर उलटं, पाठीला टेकायच्या बाजूकडे तोंड करून बसवा. पॅक नॅपकिनच्या दोन घड्यांत गुंडाळा, कातडीला थेट कधीच नाही, आणि माकडहाडाच्या वर, कंबरेच्या खालच्या भागावर धरा. कळ आली की तळहाताने त्याच्यावरून घट्ट दाबा, कळ ओसरली की हात सैल सोडा. बाटली असेल तर तीच कापडात गुंडाळून कंबरेवर हळूहळू फिरवा, दाब आणि गारवा दोन्ही मिळतात. दहा-पंधरा मिनिटं झाली की काढा, तेवढाच वेळ जाऊ द्या, मग हवं तर पुन्हा. मधेमधे कातडी बघत राहा, थोडी लाल झाली तर ठीक, पण पांढरी पडली, बधिर झाली किंवा जळजळ होतेय म्हणाली तर लगेच काढायचं. आणि ती 'नको' म्हणाली की नको, समजावत बसू नका. काहींना गरम पिशवीच बरी वाटते, काहींना आलटून पालटून.

मे महिन्यात आपल्याकडे घामाने जीव नकोसा होतो, तेव्हा गार पाण्यात पिळलेला नॅपकिन कपाळावर आणि मानेवर ठेवला तरी खूप बरं वाटतं. पण शेवटी शेवटी अंग थरथरायला लागलं तर गारवा बंद, अंगावर चादर घाला.

एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करायला पाठीच्या कण्यापाशी दिलं जाणारं बधिर करायचं औषध, दिलं असेल तर बधिर भागावर बर्फ नाही, चटका तिला कळणारच नाही. सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल, थंडीने बोटं पांढरी पडत असतील किंवा अंगावर पित्त उठत असेल तर हा उपाय सोडा.

घरातल्या मोठ्या बायका म्हणतील, गारवा लागून वात धरेल. त्यांची काळजी खोटी नाही, त्यांना शांतपणे सांगा की डॉक्टरना विचारलंय, थोडाच वेळ ठेवतोय आणि बाकी अंग पांघरलेलं आहे.

रक्त जास्त जात असेल, पाणी हिरवट आलं, बाळाची हालचाल कमी वाटली, ताप आला किंवा दोन कळांच्या मधेही पोट दुखायचं थांबत नसेल तर शेक देत बसू नका. घरी असाल तर १०८ ला फोन, हॉस्पिटलमध्ये असाल तर नर्सला हाक.

बाळंतपण झाल्यावर टाक्यांच्या जागी सूज असते, तिथेही पहिले दोन-तीन दिवस स्वच्छ कापडात गुंडाळलेला पॅक दहा मिनिटं ठेवता येतो, नंतर जागा कोरडी करून पॅड बदलायचं.